अदमासाबाहेरची उत्तरं

सूचना : १) सर्व प्रश्न क्रमानेच वाचावेत. २) 'किंवा' असेल तिथे दोन्ही पर्याय वाचावेत, घडलेला मात्र एकच. ३) कच्चं काम पुसू नये.

प्र. १. खालीलपैकी जे घडलं ते ओळखा.

(अ) तलावखोरे विद्यापीठाच्या कुलगुरू डॉ. सुनंदा पातुरकर यांनी ते परिपत्रक आपल्या टेबलाशी बसून तीनदा वाचलं. एक शब्द खटकला म्हणून दोन दिवस बाजूला ठेवलं. मग सही केली.

किंवा

(आ) गाडी विमानतळाकडे निघाली होती. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, बांध्यांत पाणी, पाण्यात आभाळ. सुनंदाबाईंच्या मांडीवर फाइल होती आणि कुलसचिव टेंभरे पुढच्या सीटवरून मान वळवून बोलत होते.

"एवढी एक सही, मॅडम. अदमासचं परिपत्रक."

मसुद्यात लिहिलं होतं : 'एखाद्या उत्तराचे अंतर नऊपेक्षा अधिक आढळल्यास गैरप्रकार समितीने त्यावर विचार करावा.'

"विचार करावा म्हणजे काय हो, टेंभरे? समितीनं काय विचारच करत बसायचं?"

"मोघम ठेवलं, मॅडम. मोघम टिपणीत कोणी अडकत नाही."

"विद्यापीठ अडकतं."

सुनंदाबाईंची टिपणी एका ओळीची असते, हे शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फाइल तिसऱ्या दिवशी परत, हिरव्या शाईत एक ओळ, खाली सही. त्यांनी 'विचार करावा' खोडलं. वर लिहिलं, 'कारवाई करावी'. गाडी खड्ड्यातून गेली, त्यामुळे 'करावी'ची वेलांटी थोडी हलली.

त्याच दुपारी दिल्लीतल्या परिषदेत त्यांचं भाषण झालं. विषय : विद्यापीठांत कृत्रिम बुद्धिमत्ता आणताना नेतृत्वाची भूमिका. त्या म्हणाल्या, "यंत्र निर्णय घेत नाही. निर्णय घेणारा माणूस कचरला, की तो यंत्राला पुढे करतो." टाळ्या बराच वेळ वाजल्या.

घडलं ते (आ).

प्र. २. टीप लिहा : अदमास.

विद्यापीठातला प्रत्येक विद्यार्थी तीन वर्षं आपला गृहपाठ, वहीतली गणितं, प्रयोगांची टिपणं एका पाटीवर लिहीत असे. पाटी काचेची, लेखणी साधी. अदमास ते सगळं वाचत असे. नुसतं उत्तर नव्हे; लेखणी कुठे थांबली, काय खोडलं, कोणती चूक पुन्हा पुन्हा येते, हेसुद्धा. चुकांनाही कुळं असतात. वजाबाकीत हातचा विसरणारा माणूस पुढे मोठ्या समीकरणातसुद्धा तसंच काहीतरी विसरतो.

तीन वर्षांच्या अशा वाचनातून अदमास प्रत्येक विद्यार्थ्याचं एक जाळं विणायचा. परीक्षेत अमुक प्रश्न आला तर हा काय काय लिहू शकेल आणि त्यातलं काय किती संभवतं, त्याचं जाळं. ढिवर तलावात जाळं फेकतो तेव्हा ते हवेत फुलतं आणि पाण्यावर गोल पसरतं, तसं. मग विद्यार्थी खरोखर परीक्षेला बसायचा. त्याचं उत्तर बहुतेक वेळा जाळ्यात पडायचं. क्वचित बाहेर पडायचं. मध्यापासून किती दूर पडलं, ते म्हणजे अंतर. नऊच्या पलीकडचं अंतर लाखात एखाद्या उत्तराला यावं, असा हिशोब होता.

यंत्र गुणाचं होतं. कोण बुडायला लागलंय हे ते दोन महिने आधी मास्तरांना सांगायचं. पहिल्याच वर्षी नापासांची संख्या निम्म्यावर आली. राज्यात असं करणारं हे पहिलं विद्यापीठ. बाहेरून लोक बघायला यायचे, तलावाकाठच्या विश्रामगृहात उतरायचे, झिंगे खायचे, वाहवा करून जायचे.

अंतर नऊपलीकडे गेलं, तर यंत्र तेवढंच सांगायचं. का गेलं असं विचारलं, तर पडद्यावर यायचं : कारण उपलब्ध नाही.

कॉपी हा शब्द यंत्रानं कधीच वापरला नव्हता.

प्र. ३. संवाद पूर्ण करा.

"पोरगी कालपासून येऊन बसली आहे, मॅडम," टेंभरे म्हणाले. "पौर्णिमा डोंगरवार. बी.एस्सी. तिसरं वर्ष, गणित. अंतर नऊ पूर्णांक चार. परवा समितीसमोर आहे. भेटायची गरज नाही तशी."

"गरज नाही तर तुम्ही सांगता कशाला?"

"डबा नाही आणला तिनं. माझ्यातली पोळी दिली, तर म्हणते, कुलसचिवाची पोळी खाल्ली तर लोक म्हणतील सेटिंग केली."

सुनंदाबाईंना हसू आलं. "पाठवा."

मुलगी आत आली. खुर्चीच्या कडेवर बसली. बोलायला लागली तेव्हा आवाज तिच्यापेक्षा मोठा निघाला.

"मी कॉपी नाही केली जी."

"सगळे तेच म्हणतात."

"म्हणत असतीन. मी माझं सांगून राहिली." मग जरा खाली. "मी गावात शिकवणी घेतो. बावीस पोट्टे होते. आता सात उरले. मायबाप म्हणतात, कॉपीवालीकडून गणित काऊन शिकायचं? डिग्री नाही भेटली तर हे सातही जातीन."

समोर तिची उत्तरपत्रिका होती. प्रश्न जुना, प्रसिद्ध. सहा माणसं एकत्र आली, तर त्यांत एकमेकांना ओळखणारे तिघं किंवा एकमेकांना न ओळखणारे तिघं असतातच, हे सिद्ध करा. पुस्तकातली सिद्धता पाच ओळींची. पौर्णिमानं ती लिहिलीच नव्हती. तिनं वेगळ्या वाटेनं जाऊन दाखवलं होतं की असे तिघांचे गट एक नव्हे, किमान दोन असतात. कुणी विचारलंही नव्हतं ते. ही वाट जगाला नवी नव्हती. सुनंदाबाईंनी ती कुठेतरी वाचली होती. पण पौर्णिमाच्या पुस्तकात ती नव्हती, आणि तीन वर्षांत पौर्णिमाला गणितात पंचेचाळीसच्या वर गुण पडले नव्हते.

"हे कुठून आलं?"

"मले नाही माहीत जी." ती खिडकीकडे बघत राहिली. खिडकीतून तलाव दिसायचा, त्यावर कमळाच्या पानांची हिरवी फरशी. "दुपारचा पेपर होता. झोप येत होती. सहा माणसं होते ना प्रश्नात, मी त्याइले घरचे नावं देल्ले. माय, बाबा, आजा, मामा, मोठी आत्या अन् मी. मंग मी एकेकाच्या जागी जाऊन उभी राह्यली."

"म्हणजे?"

"मामाच्या जागी उभं राहून पाह्यलं, बाकीचे पाच कसे दिसते. कोण मामाच्या बोलण्यातलं, कोण नाही. मंग आजाच्या जागी. असं सहाही जागी जाऊन आली. प्रत्येकाले दोन-दोन माणसांच्या जोड्या दिसते. एक बोलण्यातला, एक नाही, अशा जोड्या मोजल्या. एका जागून जास्तीत जास्त सहा. सगळ्या मिळून छत्तीस." ती थांबली. "तिथून पुढं सोपं होतं. उतारावरून चालल्यावानी."

"पुढचं मांड." सुनंदाबाईंनी कागद पुढे सरकवला.

पौर्णिमानं सहा ठिपके काढले. छत्तीस लिहिले. लेखणी कागदावर टेकवून बसली. पंखा फिरत होता. ठिपके ठिपकेच राहिले.

"तवा दिसत होतं जी," ती म्हणाली. "आता नाही दिसत."

प्र. ४. (अ) हिशोब करा. (आ) न लिहिलेला मजकूर वाचा.

(अ) मुलगी गेल्यावर सुनंदाबाईंनी कागदाच्या कोपऱ्यात एक गुणाकार केला. बी.एस्सी.च्या पहिल्या महिन्यात करतात तसला. ऐंशी हजार विद्यार्थी, प्रत्येकी दहा उत्तरं, दोन सत्रं. सोळा लाख उत्तरं. लाखात एक म्हटलं तरी सोळा. म्हणजे कुणीही कॉपी केली नसती, तरी साधारण सोळा उत्तरं नऊच्या पलीकडे पडलीच असती. पडायलाच हवी होती. दुर्मीळ गोष्ट घडणं हा काही पुरावा नव्हे. इतक्या वेळा फासे टाकल्यावर ती न घडणंच नवल.

दोन सत्रांत शिक्षा झालेले होते एकतीस. म्हणजे निम्मे निर्दोष असावेत आणि निम्मे बहुधा नसावेत. कोण कुठल्या निम्म्यात, हे त्या आकड्यात कुठेच नव्हतं.

गुणाकाराला अर्धं मिनिट लागलं होतं. गाडीत त्यांच्याकडे तेवढा वेळ होता.

(आ) अदमासला आणखी एक येत असे. एखादा विद्यार्थी बहुतेक काय लिहील, ते त्याच्याच अक्षरात लिहून दाखवणं. सुनंदाबाईंनी पौर्णिमाची ती न लिहिलेली उत्तरपत्रिका मागवली. पडद्यावर तिचंच अक्षर उमटलं, उजवीकडे कललेलं. पुस्तकातल्या सिद्धतेच्या तीन ओळी, मग एक खाडाखोड, मग कोरी जागा. या पौर्णिमाला सव्वादोन गुण मिळाले असते आणि तिच्या शिकवणीला बावीस मुलं राहिली असती.

त्या कोऱ्या जागेकडे बघता बघता त्यांना काहीतरी सुचलं. कपाटातून त्यांनी आपल्या जुन्या वह्या काढल्या. सात वह्या, पस्तीस वर्षांपूर्वीच्या. त्यांच्या नावावर एक प्रमेय होतं, अनंत श्रेढींबद्दलचं, चार पानांचं. एका दुपारी वसतिगृहाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमध्ये बसून ते झालं होतं. त्या चार पानांवर नोकरी, मग विभागप्रमुखपद, मग प्राचार्यपद, मग हे टेबल. पुढे तसं काही झालं नाही. वीस वर्षं तर फक्त फाइली.

त्यांनी त्या दुपारच्या आदल्या संध्याकाळपर्यंतची पानं अदमासला दिली आणि विचारलं, दुसऱ्या दिवशी ही मुलगी काय लिहील?

त्यांच्याच तरुण अक्षरात दोन पानं आली. दीड पान आकडेमोड. एक चूक, अगदी त्यांच्या कुळातली. मग समासात : 'जमत नाही. चहाला जाते.'

मग त्यांनी खरी चार पानं दिली. अंतर अकरा पूर्णांक दोन.

कारण उपलब्ध नाही.

प्र. ५. कारणे द्या.

हेमंत पातुरकर गणिताचेच. महाविद्यालयातून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. सुनंदाबाई समोर बसल्या, मूठभर शेंगा घेतल्या आणि सगळं सांगितलं. पौर्णिमाचं, गुणाकाराचं, अकरा पूर्णांक दोनचं.

हेमंतरावांचे हात चालू राहिले. मग थांबले.

"नंदा, मला वाटलं होतं तुला माहीत आहे."

"काय?"

"की मला तसंच वाटत आलंय."

ओसरीवर ऊन होतं. सालं आणि दाणे वेगवेगळे पडत होते.

"तसंच म्हणजे कसं?"

"तुझ्या वह्या मी तेव्हाही बघत होतो. आपण एकाच बाकावर होतो. आदल्या आठवड्यात तुला साधी मर्यादा काढता येत नव्हती, आणि सोमवारी तू चार पानं घेऊन आलीस. मला वाटलं, परदेशातून आलेल्या कुठल्यातरी हस्तलिखितातलं असेल. सरांच्या टेबलावर पडलेलं असायचं तसलं."

"आणि तू पस्तीस वर्षं माझ्याशी…"

"विचारायचं नाही असं ठरवलं होतं. लग्नाआधीच. म्हटलं, असेल तर असेल."

"म्हणजे तू मला माफ केलं होतंस!"

"हो."

"न केलेल्या गोष्टीबद्दल!"

"आता ओरडू नकोस. शेजारी काळे बाई उभ्या आहेत."

काळे बाई कुंपणापलीकडून हसल्या आणि आत गेल्या. सुनंदाबाई हातातला वाल चोळत राहिल्या. माफ केलेल्या माणसाशेजारी पस्तीस वर्षं झोपणं कसं असेल? आणि आपल्याला माफ केलं गेलंय हे ठाऊक नसताना झोपणं? एखाद्या अनोळखी घरात राहून आल्यासारखं त्यांना वाटलं. घर चांगलं होतं, वारा छान यायचा, फक्त ते आपलं नव्हतं.

"विचार आता," त्या म्हणाल्या.

हेमंतरावांनी चष्मा काढला. पुसला. "त्या दिवशी काय झालं होतं, नंदा?"

त्यांनी चादरींचं सांगायला सुरुवात केली. वाऱ्यानं चादर फुगायची, पडायची, पुन्हा फुगायची, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडी कमी. तिथपर्यंत आठवलं. पुढचं दिसेना.

"पुरे," हेमंतराव म्हणाले. "सगळं आठवलं असतं, तर मला संशय आला असता."

प्र. ६. फळ्यावर सोडवा.

समितीच्या टेबलाभोवती सहा माणसं होती. चार प्राध्यापक, टेंभरे, आणि अध्यक्षस्थानी अचानक येऊन बसलेल्या कुलगुरू. कुलगुरू गैरप्रकार समितीत येत नसत. टेंभरेंनी चहाचा एक कप वाढवायला सांगितला.

पौर्णिमा फळ्याशी उभी होती. सहा ठिपके काढले होते. वीस मिनिटं झाली होती.

"बेटा, तू स्वतः लिहिलेलं आहेस म्हणतेस," रसायनशास्त्राचे प्राध्यापक रहांगडाले म्हणाले, "मग पुन्हा लिहायला काय हरकत आहे?"

"हरकत नाही जी. येत नाही."

"हे म्हणजे कबुलीच झाली."

"थांबा," सुनंदाबाई म्हणाल्या. त्या उठल्या. त्यांना फक्त एवढंच दाखवायचं होतं की स्वतःची सिद्धतासुद्धा लोकांसमोर मांडताना वेळ लागतो, जीभ अडखळते. म्हणून त्यांनी खडू घेतला आणि फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात आपलं प्रमेय मांडायला घेतलं. विधान सुरेख आलं. पहिली पायरी आली. दुसरी आली. तिसऱ्या पायरीशी हात हवेत थांबला.

चहावर साय धरली.

त्यांनी दोन ओळी पुसल्या, पुन्हा लिहिल्या. बाहेर तलावावर बगळे उतरत होते, एकेक, पांढरे. त्या तिकडे बघत राहिल्या. वाटलं, आता येईल. असं पाच मिनिटं वाटलं. मग त्यांनी खडू खाली ठेवला.

"मला येत नाही," त्या म्हणाल्या. "टेंभरे, नोंद घ्या."

"मॅडम, हे इतिवृत्तात…"

"घ्या. आणि माझं अंतर अकरा पूर्णांक दोन आहे. तेही घ्या. माझ्या परिपत्रकाप्रमाणे माझ्यावर कारवाई व्हायला हवी."

"तुमच्यावर कारवाई तुमच्याच सहीनं कशी करायची?" टेंभरेंचा घामेजलेला चेहरा खरोखर विचारात पडला होता. "तसा नमुना नाही आपल्याकडे."

कुणीतरी हसलं. मग रहांगडाले सर, जे हसले नव्हते, कपाकडे बघत म्हणाले, "माझं एक आहे तसं. त्र्याण्णव साली. एक स्फटिक. पुन्हा कधीच आला नाही. मी रीतसर सगळं तसंच केलं होतं. बारा वर्षं करत होतो."

"मग छापलं कसं?" इतिहासाच्या बोरकर बाईंनी विचारलं.

"छापलं नाही. बायकोला दाखवलं होतं."

आणि मग खोलीचं काहीतरी झालं. बोरकर बाईंनी एका ताम्रपटाची गोष्ट सांगितली, जो त्यांना झोपेत वाचता आला होता. वनस्पतिशास्त्रवाले एका शेवाळाबद्दल बोलले. कुणी कुणाला पुरावा मागत नव्हतं. पौर्णिमा फळ्याशी उभी राहून एकेकाकडे बघत होती, जणू एकेकाच्या जागी जाऊन उभी राहत होती. टेंभरे लेखणी उचलून बसले होते; यातलं इतिवृत्तात काय घ्यायचं ते त्यांना कळत नव्हतं.

शेवटी सुनंदाबाई म्हणाल्या, "यातलं कुणाचं खरं, हे सांगता येणार नाही. हिचंही नाही. खोटं आहे असं दाखवता आलं असतं, तर मी सही केली असती. अंतर हा पुरावा नाही. मला हे एका गुणाकारात कळायला हवं होतं. मी खोडलेला टेंभरेंचा शब्द बरोबर होता."

त्यांनी विशेषाधिकारात परिपत्रक मागे घेतलं. अदमास राहील. बुडणाऱ्यांना वाचवायचं काम करील. दूर पडलेल्या उत्तरांची यादी निकाल लागल्यानंतरच निघेल, आणि ती समितीकडे न जाता त्या त्या मास्तरांकडे जाईल. मास्तरांनी विद्यार्थ्याला एकच विचारायचं : त्या दिवशी काय झालं?

"मॅडम," टेंभरे हळू म्हणाले, "परिपत्रक गेलं तर आधीचे एकतीसही सुटतात. त्यांतले निम्मे तरी खरे कॉपीवाले असतील."

"असतील."

"लोक काय म्हणतील?"

"जे म्हणतील ते छापूनच येईल."

आलं. 'कुलगुरूंना स्वतःचंच प्रमेय येईना', चार कॉलमी. कुलपतींच्या कार्यालयातून खुलासा मागवणारं पत्रही आलं. पौर्णिमाच्या हातात गुणपत्रिका पडली तेव्हा ती टेंभरेंना म्हणाली, "आता खाऊ का तुमची पोळी?"

प्र. ७. दूरध्वनी.

एकतीस जणांना पत्रं जाणारच होती. सुनंदाबाईंनी फोन स्वतः करायचे ठरवले. मी खोडलं होतं, मीच सांगते. चार दुपारी लागल्या. कुणी रडलं, कुणी शिवी दिली, एका आईनं फोन मुलाकडे द्यायलाच नकार दिला. दोघांनी फोन ठेवून दिला आणि पुन्हा केला.

सत्ताविसावा फोन एका राइस मिलमध्ये वाजला. मागे यंत्रं धडधडत होती. आवाज बाईचा, मोठा.

"सुलोचना कापगते?"

"हो. बोला."

"मी विद्यापीठातून कुलगुरू बोलतेय. तुमच्यावरची कारवाई रद्द झाली आहे. तुमचा निकाल लागेल. आमची चूक झाली होती."

पलीकडे धडधड. मग ती बाई कुठेतरी बाहेर आली असावी, कारण यंत्रं दूर गेली आणि कावळे ऐकू आले.

"मॅडम, मी केली होती जी."

"काय?"

"कॉपी. मांडीवर लिहून आणलं होतं. साडी नेसून गेली होती मुद्दाम. पेपर गेल्यावर वर्षभर घरी नवऱ्याले हेच सांगत आली की विद्यापीठानं अन्याय केला. तुमी आता म्हणता, चूक आमची. मंग माझी कुठं गेली?"

नियम काय म्हणतो, हे त्यांना पाठ होतं. टेंभरेंनी काय लिहिलं असतं, तेही पाठ होतं.

"आमच्याकडे पुरावा नाही, सुलोचनाबाई," त्या शेवटी म्हणाल्या.

"पण मी सांगून राहिली ना."

"सांगितलंत. मी ऐकलं."

"मंग काय करू? घेऊ मार्कशीट?"

"ते मला सांगता येणार नाही. नोव्हेंबरात पुन्हा परीक्षा आहे. नाव नोंदवायची मुदत पंधरा तारखेपर्यंत."

कावळे ओरडत राहिले. पलीकडे कुणीतरी हाक मारली, सुलोचनाबाईंनी "आली, आली" म्हटलं, पण फोन ठेवला नाही.

"अभ्यासाले पुस्तक जुनंच चालते का जी?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"चालतं," सुनंदाबाई म्हणाल्या, "अभ्यासक्रम बदललेला नाही," आणि पेन उघडून नोव्हेंबरचा अर्ज पाठवायला तिचा पत्ता लिहून घ्यायला लागल्या.